मुक्त सॉफ्टवेअरच्या वाटेवर भेटलेली, आता नसलेली माणसं : तुमच्याही आठवणी लिहा

मुळामुठा

काल एका जुन्या सर्व्हरवर काम करत होते. फाइलचं नाव न देता नुसतंच विम (मजकूर आणि कोड लिहायचं साधन) उघडलं आणि तो स्वागताचा मजकूर आला. आवृत्तीचा आकडा, ते लिहिणाऱ्या ब्राम मूलेनारचं नाव आणि खाली युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा ही ओळ. नेहमी फाइलसकट उघडायची सवय, त्यामुळे हा मजकूर कित्येक दिवसांत बघितलाच नव्हता. एकदम दादा आठवला आणि मग काम काही सुचेना.

दादा म्हणजे पुण्यातल्या आम्हा लिनक्सवाल्यांचा दादा. (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, कुणीही वापरावी, बदलावी, वाटावी अशी मुक्त संगणकप्रणाली.) नाव लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. जे तेव्हा फेब्रुवारीत सिंबायोसिसच्या ग्नुनिफाय या मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेला मॉडेल कॉलनीत यायचे ते ओळखतीलच. मी संगमनेरहून शिकायला आले होते, ओळखीचं कुणी नव्हतं, खोलीत मुली मोजक्याच. मी मागच्या खुर्चीवर बसलेली बघून तो स्वतःहून येऊन बसला, विम उघडून ती ओळ दाखवली आणि म्हणाला, ही इथे का असेल सांग. मला कुठून माहीत असणार? मग त्याने सगळी गोष्ट सांगितली. ब्राम १९९४ मध्ये युगांडातल्या किबाले गावात पाण्याच्या आणि स्वच्छतेच्या कामासाठी वर्षभर राहिला, परतल्यावर तिथल्या मुलांसाठी हॉलंडमध्ये संस्था काढली, आणि विम आवडलं तर मला काही नको, त्या मुलांना द्या असं लिहून ठेवलं. त्या दिवशी दादाने मला एकही कमांड शिकवली नाही. पण मी पुढच्या भेटीला गेले ती त्या गोष्टीमुळे.

पुढे बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, नोंदवायला त्यानेच शिकवलं. शेजारी बसायचा, पण कीबोर्डला हात लावायचा नाही. काय केलंस, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एवढं तुझ्या शब्दांत लिही आणि तुझ्याच नावाने जाऊ दे. माझा पहिला पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, शेऱ्यांसकट परत आला तेव्हा मला रडू येत होतं आणि हा माणूस खूश! तिकडे जर्मनीत बसलेल्या कुणीतरी तुझी ओळन् ओळ वाचली आहे म्हणाला, बघ तरी.

२०२१ च्या मे महिन्यात दादा गेला. ते दिवस कसे होते सगळ्यांना माहीत आहे. कुणाला जाता आलं नाही. मेलिंग लिस्टवर एकामागून एक पत्रं येत राहिली, बास. ब्राम ३ ऑगस्ट २०२३ ला गेल्याची बातमी वाचली तेव्हा पहिला विचार हाच आला की हे दादाला कळवायला हवं.

तुमचेही असे कुणी असतील. प्रत्यक्ष भेटलेले असोत की नुसते ईमेलवरचे, लिहा.

पेंग्विनप्रेमी

ओळखलं. अजून काय लिहू. संध्याकाळी घरी जाऊन लिहितो.

बेळगावी_कुंदा

अतुल चिटणीस. बर्लिनमध्ये जन्म, वाढले आमच्या बेळगावात, नाव केलं बंगळुरात. इंटरनेट यायच्या आधी सीआयएक्स नावाचा बीबीएस चालवायचे, म्हणजे फोन लावून मोडेमने जोडायचं आणि निरोप वाचायचे. मग पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सची सीडी. आजच्या पोरांना सांगून पटत नाही की सीडी मिळणं ही केवढी गोष्ट होती. साडेसहाशे एमबी छप्पन केच्या मोडेमवर उतरवायचे तर लाइन एकदाही न तुटता सव्वा दिवस लागला असता, आणि लाइन तर दर तासाला तुटायची, वर फोनचं बिल. त्या एका मासिकामुळे लिनक्स कुठल्या कुठल्या गावांत पोहोचलं याचा हिशेब कुणाकडे नसेल.

मी लिनक्स बंगळुरू या परिषदेला गेलो होतो, मग त्याचंच २००५ मध्ये फॉस डॉट इन झालं तेव्हाही. चिटणीस मंचावर आले की हॉल भरायचा. बोलणं स्पष्ट, कुणाची भीड नाही. भारतीय मुक्त सॉफ्टवेअर नुसतं वापरतात, परत काही देत नाहीत, हा त्यांचा सततचा मुद्दा होता, आणि त्यावरून किती जणांशी त्यांचे वाद झाले! पण त्यांनी नुसती टीका केली नाही. परिषदेत भाषणांच्या बरोबरीने कोड लिहायची सत्रं आणली, प्रकल्पांचे लोक आणि नवे लोक एका टेबलाशी बसवले. शेवटचं फॉस डॉट इन २०१२ चं. तेव्हा त्यांचा कर्करोग कळलेला होता आणि तरी त्यांनी ते पार पाडलं. ३ जून २०१३ ला गेले. माझी त्यांच्याशी एकदाच दोन वाक्यं झाली असतील, चहाच्या रांगेत. तरीही मी त्यांना गुरू म्हणतो.

चाळीसगाव_पॅसेंजर

कुंदा, मोठ्ठं +१. ती सीडी आमच्याकडे जळगावहून यायची. कॉम्प्युटर क्लासचे सर होते, ते आणायचे आणि ज्याला हवी त्याला कॉपी करून द्यायचे, पैसे फक्त कोऱ्या सीडीचे. ‘हे चोरीचं नाही, वाटायलाच दिलेलं आहे’ हे प्रत्येकाला निक्षून सांगायचे. बाकी सगळा गाव तेव्हा चोरीच्या विंडोजवर चाललेला, त्यामुळे या वाक्याचं फार अप्रूप वाटायचं. लिनक्सवर चित्रमय पडदा दाखवणारं एक्स चालू करायला मॉनिटरचे आडवे-उभे रिफ्रेश रेट स्वतः भरावे लागायचे, मॅन्युअल हरवलेलं असायचं. सरांनी एका वहीत गावातल्या मॉनिटरांची मॉडेलं आणि त्यांचे आकडे उतरवून ठेवले होते. कुणाचाही मॉनिटर असो, सर वही काढणार.

सर २०१७ ला गेले, हार्ट अटॅक. त्यांना कुठल्याच परिषदेत कुणी ओळखत नव्हतं. त्यांचे विद्यार्थी आज हैदराबादपासून डब्लिनपर्यंत आहेत. ती वही कुठे गेली कुणास ठाऊक, मिळाली असती तर मी जपून ठेवली असती.

अनघा_पी

चाळीसगाव, वहीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. असे सर गावोगावी होते.

अकोलेकर

मुळामुठा ताई, संगमनेर? मी अकोल्याचा! (कळसूबाईवालं अकोले, विदर्भातलं नाही, हे इथे दर वेळी सांगावं लागतं.) कुठलं कॉलेज?

मुळामुठा

अरे वा, शेजारीच! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. सगळ्यांचं वाचते आहे, पोरीची परीक्षा चालू आहे, रात्री निवांत उत्तरं देईन.

खगोलवेडी

माझा गुरू मला कधीच भेटला नाही. जॉन हंटर, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं आलेख काढायचं साधन मॅटप्लॉटलिब लिहिणारा. खरं तर न्यूरोबायोलॉजीचा माणूस. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत बघायला चांगलं साधन मिळेना म्हणून त्याने स्वतःच लिहिलं आणि २००३ मध्ये सगळ्यांना देऊन टाकलं. मी पुण्यात खगोलशास्त्रात एम.एस्सी.चा प्रकल्प करत होते तेव्हा माझा प्रत्येक आलेख त्याच्या कोडमधून निघालेला. जुन्या मेलिंग लिस्टा चाळून बघा. किती साध्यासुध्या प्रश्नांना त्याने स्वतः उत्तरं दिली आहेत, चालणाऱ्या उदाहरणासकट. उदाहरण घ्या, चालवा, आपल्या डेटावर वळवा, असं मी त्याच्याकडून शिकले. तो हयात असेपर्यंत मी त्याला एक ओळही लिहिली नव्हती.

जुलै २०१२ मध्ये ऑस्टिनला सायपाय परिषदेत त्याने मुख्य भाषण केलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत कर्करोगाचं निदान झालं आणि २८ ऑगस्टला तो गेला. भाषण ध्वनिचित्रित आहे, नक्की बघा. उत्साहाने नुसता फुललेला माणूस दिसतो. २०१९ ला कृष्णविवराची पहिली प्रतिमा आली, त्या कामातही मॅटप्लॉटलिब होतंच. त्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत पेढे वाटले आणि मी मनात त्याचं नाव घेतलं.

टेकडीवरचा

पायथनचा विषय निघालाच आहे तर केनेथ गोन्साल्विस यांचं नाव यायलाच हवं. भारतातल्या पायथनवाल्यांच्या पहिल्या फळीतले. लिस्टवर कडक! मूळ पत्राच्या वर उत्तर लिहिलंत की हमखास टोकणार. नव्या पोरांना ते खवट वाटायचे. पण प्रश्न खरा असेल तर कितीही पत्रं लिहायची त्यांची तयारी असायची. पुण्यात २०११ ला पायकॉन इंडिया ही पायथनवाल्यांची परिषद झाली, मी विद्यार्थी होतो. पायथनच्या मुख्य डेव्हलपरांपैकी एक असलेल्या रेमंड हेटिंगरचं भाषण ऐकायला गेलो आणि परत आलो तो ही लिस्टवरची सगळी माणसं हाडामांसाची आहेत हे बघून. पुढच्याच वर्षी केनेथ गेले. २०१२ पासून पायकॉन इंडियात त्यांच्या नावाचा पुरस्कार देतात.

मी अजूनही उत्तर खालीच लिहितो. ऑफिसात लोक विचारतात असं का करतोस. 😊

गंपूची_आई

धागा छान आहे, पण ‘मूळ पत्राच्या वर उत्तर’ म्हणजे काय ते कळलं नाही. मी या क्षेत्रातली नाही, नवरा आहे.

टेकडीवरचा

ताई, ईमेलला उत्तर देताना आपण सगळ्यात वर लिहितो आणि जुनं पत्र खाली तसंच लोंबत राहतं ना, ते. लिस्टवर शेकडो लोक वाचतात. म्हणून ज्या वाक्याला उत्तर द्यायचं तेवढं ठेवायचं, बाकी काढून टाकायचं आणि त्याच्याखाली लिहायचं. दोन वर्षांनी कुणी वाचलं तरी संवादासारखं सलग वाचता येतं.

गंपूची_आई

ओह्ह. म्हणून ‘हे’ व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा आमच्या अर्ध्या वाक्याला उत्तर देतात. आत्ता कळलं!

अनघा_पी

😂😂 गंपूचे बाबा सापडले.

रेशीमगाठ

फेडोराकडून (लिनक्सचाच एक प्रकार) मी. सेथ व्हिडाल, त्यात सॉफ्टवेअर बसवणाऱ्या यमचा कर्ता. ८ जुलै २०१३ ला अमेरिकेतल्या डरहॅममध्ये सायकलवरून जाताना गाडीने उडवलं, चालक पळून गेला. ३६ वर्षांचा होता. आम्ही पुण्यात रात्री आयआरसीवर (ऑनलाइन गप्पांच्या चॅनेलवर) बसलेले असायचो, तिकडे दिवस. ज्याला उत्तर मिळत नसे त्याला सेथ उत्तर द्यायचा, आणि मजा करत करत द्यायचा. बातमी आली तेव्हा चॅनेलवर बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही, मग एकेक करत सगळे लिहू लागले. आता यमच्या जागी डीएनएफ आलं, तरी माझी बोटं अजून यमच टाइप करतात.

झुरिकचा_झब्बू

मी झुरिकला असतो. ब्राम इथल्या गुगलमध्ये २००६ पासून बरीच वर्षं होते. एवढ्याशा शहरात ट्रॅममध्ये कधी शेजारी बसले असतील तरी मला कळलं नसतं. माझी त्यांची गाठ फक्त लिस्टवरची. विमची मराठी देवनागरी टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) कशी दिसते यावरून मी कुरकुर केली होती. जोडाक्षरं फुटतात हा दोष बऱ्याचदा टर्मिनलचा असतो, विमचा नसतो, हे कुणीतरी समजावून सांगितलं, आणि त्या चर्चेत ब्रामचंही छोटं, सभ्य उत्तर होतं. जगभरातून रोज येणाऱ्या पत्रांतलं माझं एक पत्र!

बरेच जण म्हणतात की ब्राम सगळं स्वतःच्या हाताने करायचे, दुसऱ्याचा बदल घ्यायला वेळ लावायचे. खरं आहे ते. त्यातूनच निओविम वेगळं निघालं. पण ३२ वर्षं एक साधन सांभाळणं आणि जुन्या माणसाची सवय मोडू न देणं हे मला तरी फार मोठं वाटतं. त्यांच्यामागे इतरांनी काम उचललं आणि जानेवारी २०२४ मध्ये आवृत्ती ९.१ काढली, ती त्यांना अर्पण केली.

मुळामुठा, किबालेच्या मुलांसाठी मीही पैसे पाठवायचो. तुमच्या दादांनी दाखवली तशी ती ओळ मला कुणी दाखवली नव्हती, स्वतःच वाचली. कुणीतरी दाखवायला हवं होतं, पाच वर्षं आधी सुरुवात केली असती.

पेंग्विनप्रेमी

आलो घरी. लिहितो.

डेबियनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आणखी एका प्रकारात, एक प्रथा आहे, गेलेल्या माणसाला पुढची आवृत्ती अर्पण करायची. इयन मरडॉकने १६ ऑगस्ट १९९३ ला प्रकल्प जाहीर केला, मैत्रीण डेब्रा आणि स्वतःचं नाव जोडून. तो डिसेंबर २०१५ मध्ये गेला आणि २०१७ ची स्ट्रेच नावाची आवृत्ती त्याला अर्पण झाली. पण माझ्या मनात घर केलंय ते त्याच्या आधीच्या एका पोराने. जोएल क्लेकर, टोपणनाव एस्पी. स्नायू हळूहळू निकामी करणारा ड्युशेनचा आजार. पॉवरपीसी चिपच्या संगणकांवर डेबियन चालावं म्हणून याने केवढं काम केलं, आणि तो अंथरुणाला खिळलेला आहे हे सोबतच्या अनेकांना माहीतच नव्हतं. जुलै २००० मध्ये २१ व्या वर्षी गेला. पुढच्या महिन्यात आलेली २.२ त्याला अर्पण आहे.

हे मला सांगितलं ते मुळामुठाच्या दादानेच, डेक्कनला एका हॉटेलात, रात्री साडेदहाला, मालक खुर्च्या उलट्या करून ठेवत असताना. दादाची स्वतःची तब्येत कधी फारशी धड नसायची, दमा होता. त्याने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. उलट माझ्या वडिलांच्या बायपासच्या वेळी रात्रभर रुग्णालयात माझ्यासोबत बसला होता, मांडीवर लॅपटॉप, पॅकेज (बसवायला तयार असं सॉफ्टवेअर) बांधत. मध्ये मध्ये मला काम देत होता. हे वाच, ते तपास. तेव्हा मला राग आला होता. पण ती रात्र गेली ती त्यामुळेच.

अनघा_पी

😔

कोचीहून_परत

मी २०२३ च्या सप्टेंबरात कोचीला डेबकॉन्फला, डेबियनच्या परिषदेला, होतो. सहलीच्या दिवशी कयाकिंग करताना आमच्यातला एक तरुण डेव्हलपर बुडून गेला. भारतातल्या नव्या मुलांना डेबियनमध्ये आणणाऱ्यांपैकी होता. जेवताना हसत बोललेला माणूस. फार लिहवत नाही. देशोदेशीचे म्हातारे डेव्हलपर केरळच्या त्या मुलांना धरून बसले होते, एवढं आठवतं.

अकोलेकर

कोचीहून_परत, काळजी घ्या. बोलावंसं वाटलं तर व्यनि करा.

हिशेबनीस

या धाग्यावर थोडं कोरडं बोलतोय, पण गरजेचं आहे. तुम्ही काही सांभाळत असाल, पॅकेज, संकेतस्थळ, डोमेन, लिस्ट, तर दुसऱ्या एका माणसाला आजच अधिकार देऊन ठेवा. डेबियनमध्ये निदान सोय आहे, कर्ता गेला की त्याची डिजिटल किल्ली (बदल पाठवायची ओळख) संचातून काढतात, पॅकेजेस अनाथ म्हणून जाहीर होतात, कुणीही दत्तक घेऊ शकतं. गिटहबवर (कोड ठेवायचं संकेतस्थळ) एकट्याच्या खात्यावर असलेल्या प्रकल्पाचं काय? डोमेनचे पैसे कुणाच्या कार्डातून जातात? आमच्या इथल्या एका छोट्या युनिकोड परिवर्तकाचं पान असंच गेलं. करणारे काका गेले, पुढच्या वर्षी डोमेन संपलं, आता तिथे जुगाराची जाहिरात आहे. विदर्भातले किती पत्रकार ते रोज वापरायचे.

चाळीसगाव_पॅसेंजर

अरे देवा, ते काकांचं होतं होय? मी तिथूनच जुन्या फाँटमधले लेख युनिकोडमध्ये आणायचो. नंतर पान उघडेना तेव्हा चडफडलो होतो. माणूस गेला असेल असं डोक्यातच आलं नाही.

मुळामुठा

आता बसले. हिशेबनीस, कोरडं अजिबात नाही. दादाच्या वेळी हेच झालं.

तो गेल्यावर दोनेक महिन्यांनी वहिनींचा फोन. त्याच्या मेलवर अजून पत्रं येतात, कुणी कुणी विचारतं हे बिघडलंय ते बघता का, मी त्यांना काय सांगू? वहिनी शाळेत शिकवतात, या जगाशी त्यांचा संबंध नाही. तरी त्यांनी तोवर काही जणांना स्वतः उत्तर दिलं होतं, की ते आता नाहीत, क्षमस्व. एका ब्राझीलच्या मुलाने त्यावर भलं मोठं पत्र लिहिलं. त्याची पहिली दुरुस्ती दादाने कशी तपासली, पोर्तुगीज येत नसताना त्याच्याशी कसा बोलला. वहिनींनी ते छापून ठेवलंय. मग आम्ही तिघं-चौघं त्यांच्याकडे जाऊन बसलो, दादा काय काय सांभाळत होता त्याची यादी केली. जमेल ते आपसात वाटून घेतलं, बाकीची पॅकेजेस रीतसर अनाथ म्हणून कळवली. एक पॅकेज तर आता यवतमाळच्या एका मुलीने घेतलंय, तिने दादाला कधी बघितलेलंही नाही. बदलांच्या यादीत त्याची जुनी नावानिशीची नोंद आहे, तिच्या वरती आता हिचं नाव दिसतं. वहिनींना दाखवलं तर त्या म्हणाल्या, हिला एकदा जेवायला घेऊन या.

पेंग्विनप्रेमी, ती रुग्णालयाची रात्र मला माहीत नव्हती. तो कुणाचं कुणाला सांगायचाच नाही.

आमच्या जुन्या भेटींचं पान मात्र अजून दादाच्याच खात्यावर आहे. वहिनी दर वर्षी पैसे भरतात, बंद करा म्हटलं तरी ऐकत नाहीत. त्यात जुनी सगळी टिपणं, फोटो आहेत.

हिशेबनीस

वहिनींना पैसे भरू देऊ नका असं नाही म्हणणार, त्यांच्या मनाचा भाग आहे. पण तांत्रिक संपर्क म्हणून दुसऱ्या कुणाचा ईमेल तरी जोडा आणि सगळी प्रत एकदा उतरवून घ्या. मी रविवारी मोकळा आहे, कोथरूडच्या आसपास कुठेही येऊ शकतो.

पेंग्विनप्रेमी

मीही. माझ्याकडे २००६ ते २००९ चे फोटो आहेत, तेही त्यात टाकू.

वाचनमात्र_होतो

अनेक वर्षं इथे फक्त वाचतोय, हा पहिलाच प्रतिसाद. मुलगी बारावीत आहे, लिब्रेऑफिसमध्ये मराठी शुद्धलेखन तपासताना काही शब्द चुकीचे दाखवतं म्हणून ती चिडते. हे कुणाला कळवायचं असतं का?

झुरिकचा_झब्बू

नक्की कळवायचं! ते शब्द हनस्पेल नावाच्या तपासनीसाच्या मराठी शब्दसूचीतून येतात. चुकीचे ठरवलेले शब्द तिला एका फाइलमध्ये जमवू द्या, प्रत्येकासमोर एक पूर्ण वाक्य. लिब्रेऑफिसची आवृत्तीही लिहा, मदतीच्या मेनूत सगळ्यात खाली मिळेल. मग नोंद कुठे करायची ते मी तिच्यासोबत ऑनलाइन बसून दाखवतो. आमची संध्याकाळ म्हणजे तुमची रात्र, शनिवारी दहाला जागी असेल का?

वाचनमात्र_होतो

असते, बारापर्यंत असते! तिला सांगतो. खूप आभार.

गंपूची_आई

माझ्याकडेही असे शब्द आहेत, ‘ह्यांना’ सांगून झाले. मी आले तर चालेल का?

झुरिकचा_झब्बू

या की. दोघींना दुवा व्यनि करतो.

अकोलेकर

मुळामुठा ताई, व्यनि मिळाला. तुमचे भौतिकशास्त्राचे सर आमच्याच गावचे निघाले. रविवारी मीही येतो, जुने फोटो स्कॅन करायला माझ्याकडे यंत्र आहे.

मुळामुठा

ये. वहिनींना विचारून पत्ता आणि वेळ सगळ्यांना कळवते. हिशेबनीस, मोठी हार्ड डिस्क तेवढी तुम्ही आणा.